शेठना विचारून सांगतो

गुरुवारी सकाळी आमच्या गल्लीत सगळं उशिरा होतं. दूध उशिरा तापतं, अंघोळी उशिरा, पोह्यांचा वास साडेनवाला. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी बंद राहून बाकीचे दिवस एकदम वीज खेचू नये, म्हणून केव्हातरी औद्योगिक वसाहतींना वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला हा आला. मला रिटायर होऊन दोन वर्षं होत आली, पण गुरुवार उजाडला की अंग अजून आपोआप सैल पडतं.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे वहिनी कढीपत्ता तोडत होत्या. झाड आमचं, पण सगळ्या चांगल्या फांद्या त्यांच्या बाजूला. त्यावरून मी काही बोलत नाही, कारण शेवगा त्यांचा आणि शेंगा आमच्याकडे लोंबतात.

"ताई, एक विचारू का? तुम्ही त्या भोसरीच्या कंपनीत होतात ना, जिथे मालकच सगळं बघतो. अशा ठिकाणी नोकरी कशी असते हो?"

बाई कढीपत्त्याकडे बघत प्रश्न विचारत होत्या, म्हणजे प्रश्न साधा नव्हता. थोडं उकरल्यावर कळलं. चिरंजीवांना दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक चाकणची परदेशी कंपनी, काचेची इमारत, एसी बस, पण पहिलं वर्ष ट्रेनी म्हणून. दुसरी भोसरीतली, दीडशे माणसांची, आणि तिथे मुलाखत खुद्द मालकाने घेतली.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"अहो, विचारलं कसलं! ह्याच्या हातात व्हर्नियर दिला आणि टेबलावरची पिन मोजायला लावली. मोजली ह्याने. मग म्हणे गाव कुठलं, वडील काय करतात, बहिणीचं लग्न झालं का. झाली मुलाखत. आणि उद्यापासून ये म्हणाला."

मी हसले. माझी मुलाखत १९९७ साली झाली तेव्हा मला एक खरेदीचं बिल दिलं होतं आणि त्यातली चूक शोधायला सांगितली होती. चूक बेरजेत नव्हती, विक्रीकराच्या टक्क्यात होती. ती मला दिसली म्हणून सत्तावीस वर्षं निघाली तिथे.

"वहिनी, तिथलं एक वाक्य पाठ करून ठेवायला सांगा त्याला. 'शेठना विचारून सांगतो.' एवढं आलं की अर्धी नोकरी जमली."

त्यांनी कढीपत्ता ताटात ठेवला आणि भिंतीवर कोपर टेकलं. म्हणजे आता बैठकच.

आमच्या मालकाला तीन नावं होती. शॉपमधली पोरं त्यांना शेठ म्हणायची, ऑफिसात आम्ही सर म्हणायचो आणि ते गेटबाहेर गेले की सगळेच म्हातारा म्हणायचे. म्हातारा हे प्रेमाने आणि वैतागाने, दोन्ही. आयटीआय केलेला टर्नर माणूस, पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये होता. चांगली नोकरी सोडून १९८४ साली भोसरीत भाड्याच्या गाळ्यात एक राजकोटचा लेथ टाकला. तो लेथ अजून आहे. रिसेप्शनमध्ये सोफ्याशेजारी उभा आहे, बेडवर हळदकुंकू, चकला झेंडूचा सुकलेला हार. येणाऱ्याला वाटतं शोभेचा आहे. शोभेचा नाही. दर शनिवारी म्हातारा स्वतः त्याला तेल घालतो, आणि नवा मुलगा लागला की त्याला तिथे उभा करून हाताने चक फिरवायला लावतो. खंडेनवमीला पहिला नारळ त्याच्यापुढे, मग लाखो रुपयांच्या सीएनसी मशीनचा नंबर.

"म्हणजे देवच की!"

"देव बरा हो. देव सकाळी साडेसातला शॉपमध्ये येऊन उभा राहत नाही."

खरंच सांगते, पहिली शिफ्ट आठची आणि हा माणूस त्याच्या आधी अर्धा तास हजर. हात मागे बांधून मशीनच्या रांगेतून चालत जाणार. मध्येच थांबणार, मान वाकडी करणार. "तीन नंबरची बेअरिंग बोलायला लागलीय." मेंटेनन्सवाला म्हणणार, नाही शेठ, परवाच बघितली. आठ दिवसांनी तीच बेअरिंग बसणार. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. एकदा खाली पडलेला एक ॲलन बोल्ट उचलला, खिशात टाकला, आणि अकरा वाजता स्टोअरमध्ये जाऊन टेबलावर ठेवला. "ह्याची किंमत काय?" स्टोअरकीपर म्हणाला, चार रुपये असेल शेठ. "असेल नको. सांग." बिचाऱ्याने बिल शोधून सांगितलं. बोल्ट पेटीत गेला. एवढ्यासाठी दोन माणसांचा अर्धा तास गेला, त्याचा हिशेब मी मनात केला होता, पण तोंडावर कोण बोलणार? आणि खरं सांगू, त्यानंतर वर्षभर शॉपमध्ये एक बोल्ट खाली पडलेला दिसला नाही.

"बाई गं, मग अशा माणसापुढे पोरगं घाबरूनच जायचं."

"घाबरेल की. पण शिकेल." आणि हे मी मनापासून म्हटलं. चाकणला त्याला एका लाइनच्या एका टोकाला उभा करतील, तिथे एक बोल्ट कसतात तो बरोबर कसला का ते बघायचं, त्याचा तक्ता भरायचा, तीन वर्षं. वाईट नाही. शिस्त लागते, कागद नीट करायची सवय लागते, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी बस सुटते. पण आमच्याकडे क्वालिटीला लागलेला मुलगा दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाइकाकडे माणूस नाही म्हणून तोच जातो, महिन्याभरात ई-वे बिल काढायला शिकतो, हीट ट्रीटमेंटवाल्याकडे टेंपोत बसून जाऊन माल आणतो, आणि दिवाळीच्या आत त्याला कळलेलं असतं की एका पिनेला स्टील किती लागतं, किती रुपयाला पडते आणि किती पैसे सुटतात. पैसेच, रुपये नाही. मोठ्या कंपनीतल्या मॅनेजरला हे कळायला पंधरा वर्षं लागतात, आणि कधीकधी कळतही नाही.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून काकांचा आवाज आला. काका पिंपरीच्या मोठ्या गाडी कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना आमचं बोलणं ऐकू जात नाही असा त्यांचा दावा असतो.

"आमच्याकडे ग्रेड होती, ताई. जॉइन झालो त्या दिवशी माहीत होतं, पाच वर्षांनी पगार किती. तुमच्याकडे होतं काही?"

काकांचं बरोबर होतं, आणि हीच गोष्ट मला सत्तावीस वर्षं डाचली. आमच्याकडे ग्रेड नव्हती, म्हाताऱ्याचा मूड होता. एप्रिलमध्ये पगारवाढीची यादी घेऊन मी केबिनमध्ये जायची. नाव वाचायचं, ते खिडकीबाहेर बघणार. "त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं ना? दोन हजार लाव." पुढचं नाव. "हा हल्ली फोनवर फार असतो. पाचशे." वीस वर्षं जुन्या शिपायाचा पगार सुपरवायझरच्या जवळपास, कारण पहिल्या गाळ्यापासून तो बरोबर होता. कामाचं मोजमाप होतंच, नव्हतं असं नाही, पण ते त्यांच्या डोळ्यांत होतं. जो माणूस त्यांच्या रोजच्या फेरीच्या वाटेवर नव्हता, तो कितीही राबला तरी दिसायचा नाही. आमची पॅकिंगमधली बाई अशीच. मागच्या शेडमध्ये, फेरी तिथपर्यंत जायचीच नाही. तिच्यासाठी मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा स्वतःच्या अंदाजाने आकडा वाढवून यादीत लिहिला आणि भराभर वाचत पुढे गेले. त्यांना कळलं होतं. काही बोलले नाहीत.

दिवाळीला तर गंमतच. बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के, तो आमच्या पोरांना पाढ्यासारखा पाठ. पण त्याच्यावर वेगळं पाकीट असायचं, शेठच्या मनातलं. पाकिटं भरायचे मी. कुणात किती हे जगात दोघांनाच माहीत, त्यांना आणि मला. त्यामुळे दिवाळीच्या आधी आठ दिवस माझ्या टेबलाशी जी गर्दी! एरवी 'मॅडम' म्हणणारे अचानक 'ताई' म्हणायला लागायचे, कुणी चिवड्याचा पुडा आणायचा, कुणी विचारायचा की पंखा नीट चालतो ना.

"आणि तुमच्या पाकिटात?" वहिनींनी विचारलंच.

"माझं ते स्वतः भरायचे. मला न दाखवता."

पदाचं म्हणाल तर, मी कोण होते हे मला रिटायर होताना कळलं. खरं सांगते. सत्तावीस वर्षांत व्हिजिटिंग कार्ड नाही, दारावर पाटी नाही. जीएसटीवाले आले की मी अकाउंट्स हेड, ऑडिटला क्वालिटीचे लोक आले की एचआर, आणि चहाचा पोऱ्या आला नाही की चहासुद्धा मीच. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं त्यात लिहिलं होतं 'व्यवस्थापक, लेखा'. मी म्हटलं, कधीपासून? ते म्हणाले, "पहिल्यापासूनच ना." ग्रॅच्युइटी मात्र त्याच दिवशी हातात दिली, कायदा तीस दिवसांची मुदत देत असून. हिशेब स्वतः कागदावर मांडला होता, पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून, गुणिले सत्तावीस. माझ्यापुढे धरला. "चूक शोध." नव्हती चूक.

वहिनींच्या घरात कुकरची शिट्टी झाली. "झाली एक," म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

"मग वाईट काय त्यात?"

वाईट सांगायला सर्क्लिपची गोष्ट सांगावी लागते. आमच्याकडे एक पिन बनायची, पंचवीस एमएमची, टोकाजवळ गोल खाच, म्हणजे ग्रूव्ह. त्यात सर्क्लिप बसते, पिन सरकू नये म्हणून. क्लिप १.२ जाडीची, ग्रूव्ह १.३ रुंद. दहा वर्षं तीच पिन. मग गिऱ्हाइकाने क्लिप जाड केली, दीडची, आणि नवं ड्रॉइंग पाठवलं, ग्रूव्ह १.६. ड्रॉइंग आलं, शिक्का बसला, फाइलला लागलं. सेटर मशीन लावत होता तेव्हा शेठ फेरीवर. त्याने विचारलं, ड्रॉइंग मागवू का? "कशाला? १.३. माझ्या डोक्यात आहे." संपलं. क्वालिटीचा मुलगा, तुमच्या चिरंजीवांएवढाच, नवं ड्रॉइंग घेऊन तिथेच दोन पावलांवर उभा होता. त्याने ऐकलं. सुपरवायझरलाही माहीत होतं. आणि डिस्पॅचवाल्यालाही, कारण पार्ट नंबरपुढचं अक्षर बदललं होतं.

चौदाशे पिना. कापल्या, भट्टीतून कडक करून आणल्या, ग्राइंडिंग केल्या, तेलकट कागदात गुंडाळून गेल्या. चौथ्या दिवशी त्याच टेंपोतून, त्याच क्रेटमधून परत. क्लिप बसत नाही. कडक झालेल्या पिनेवर परत ग्रूव्ह मारायचा तर टूलचाच खर्च पिनेपेक्षा जास्त. मला हे कळलं कसं, तर डेबिट नोट माझ्या टेबलावर आली. मी ती घेऊन शॉपमध्ये गेले. म्हातारा क्रेटपाशी उकिडवा बसला होता. एक पिन उचलायचा, अंगठा ग्रूव्हवरून फिरवायचा, खाली ठेवायचा, दुसरी उचलायचा. पंधरावीस तरी उचलल्या असतील. मग उठले आणि फक्त विचारलं, "मला कुणी सांगितलं का नाही?"

वहिनी, आठ माणसं होती तिथे. आठही जण आपापल्या सेफ्टी शूजकडे बघत होते. कंप्रेसर चालू होता म्हणून बरं, नाहीतर ती शांतता फार झाली असती.

कुणाचा पगार कापला नाही, हे सांगितलंच पाहिजे. पण तो क्वालिटीचा मुलगा दोन महिन्यांत सोडून गेला. हुशार होता. जाताना मला म्हणाला, "मॅडम, मोजायला ठेवलंय पण बोलायला नाही." मी काय उत्तर देणार? मी तरी कधी बोलले होते? अकरा ते बारा बँकेचे फोन चालू असताना केबिनमध्ये जायचं नाही, ओरडले की उलट उत्तर द्यायचं नाही, दहा मिनिटांनी ते स्वतःच चहा पाठवतात, तो प्यायचा, हे नियम नव्या माणसाला मीच शिकवायची. ते ओरडायचे तर सगळ्यांसमोर, आणि पश्चात्ताप व्हायचा तो चहाच्या कपातून. 'चुकलं माझं' हे मराठीत म्हणतात हे त्यांना माहीत असावं, पण वापरात नव्हतं.

म्हातारा वाईट नाही हो. अडचण अशी की कारखान्यात सगळ्यात जास्त कळणारा माणूस तोच आहे. शंभरातल्या नव्वद वेळा त्याचं बरोबर येतं. म्हणून उरलेल्या दहा वेळेला कुणाचं तोंड उघडत नाही.

तीन जीएम येऊन गेले आमच्याकडे, पाच वर्षांत. मोठ्या कंपन्यांतले, टाय लावणारे. दर वेळी शेठ म्हणायचे, आता मी लक्ष काढून घेणार. शेवटच्या जीएमने ओव्हरटाइमचा नियम काढला, आधी लेखी मंजुरी पाहिजे. सकाळी दहाला नोटीस लागली. सव्वादहाला एका जुन्या ऑपरेटरने शेठना मोबाइल लावला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोर्डावर चार टाचण्या उरल्या, कागद नव्हता. जीएम साहेब दुपारी माझ्याकडे येऊन बसले आणि विचारलं, "मी इथे नक्की कशासाठी आहे?" मी म्हटलं, शेठना विचारून सांगते. बिचारे हसले तरी.

"आणि पोरगा असेल ना त्यांना?" वहिनींनी मुद्द्याला हात घातला. मालक म्हटलं की पोरगा आलाच.

आहे. परदेशात शिकून आला, धाकटे साहेब. चांगला आहे, आवाज चढवत नाही. त्याने ईआरपी आणलं, स्टोअरमधून पान्हा जरी निघाला तरी कॉम्प्युटरवर चढला पाहिजे. म्हाताऱ्याने हो म्हटलं, उद्घाटनाचा नारळही फोडला, आणि स्वतःची लाल डायरी शर्टाच्या खिशात तशीच ठेवली. म्हणजे आता दोन साठे झाले, एक कॉम्प्युटरातला आणि एक डायरीतला. सकाळी धाकटे सांगणार, आधी ट्रॅक्टरचा माल काढा. दहाला थोरले, नाही, आधी ती पिन. शहाणा सुपरवायझर दोन्हींना हो म्हणतो आणि दोन मशीनवर दोन्ही लावतो. एवढं जमलं की माणूस तिथे म्हातारा होईपर्यंत टिकतो.

माझं माहेर पलूसचं, हे वहिनींना माहीत आहे. तिथून किर्लोस्करवाडी जवळ, चितळ्यांची भिलवडीही आमच्याच तालुक्यात. लहानपणापासून या गोष्टी ऐकतच वाढलो आम्ही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० साली औंधच्या राजांनी जागा दिली, कुंडल रोड स्टेशनपाशी, निवडुंग आणि सापांची माळजमीन. तिथे कारखानाही उभा केला आणि गावही. मालकाची कंपनी म्हणायची तर यापेक्षा मोठी कुठली?

"मग तेही असेच असतील, बोल्ट मोजणारे?"

असतील, कुणास ठाऊक. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती ती आमच्याकडे नव्हती. त्यांच्याभोवती शंभोअण्णा जांभेकर होते यंत्रांचं बघायला, मंगेशराव रेगे कचेरीचं बघायला, थोरले भाऊ रामूअण्णा होते. एकेकाने एकेक बाजू धरली. आणि दहा वर्षांत, १९२० साली, रीतसर लिमिटेड कंपनी केली, भागधारकांची. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला आणि पुढे १९४६ मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. हा सगळा वाडीचा इतिहास मी एकदा शेठना जेवताना सांगितला होता, जरा धीर करूनच. ते ऐकत होते. मग म्हणाले, "रेगेंसारखा माणूस मिळायला पाहिजे ना." मी समोर बसले होते, वहिनी. डबा खात. समोर.

काका गॅलरीतून मोठ्याने हसले, ऐकू जात नसतानाही.

आणि याच माणसाने २०२० मध्ये काय केलं, तेही सांगते. २५ मार्चला सगळं बंद झालं. आमच्या गिऱ्हाइकांनी पैसे रोखले. एरवीही ते नव्वद दिवसांच्या आत कधी देत नाहीत. छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, पण मागायला गेलं की पुढची ऑर्डर जाते, म्हणून कुणी मागत नाही. बँकेत दोन महिन्यांचे पगारही नव्हते. सात तारखेच्या आदल्या रात्री मला घरी फोन. "यादी काढ. एप्रिलचा पूर्ण, मेचा अर्धा." मी म्हटलं, सर, कुठून? "बायकोच्या नावची एफडी मोडतोय. तू यादी काढ." शॉपमधली बिहारची, मराठवाड्याची पोरं खोल्यांत अडकलेली, त्यांना गव्हाच्या पिठाची पोती गेली कंपनीच्या टेंपोतून, पास काढून. मेचा उरलेला अर्धा पगार दसऱ्याला दिला. न मागता. काहीजण तर विसरूनही गेले होते. लाल डायरीत होता ना.

मी बोलत होते आणि माझा फोन वाजला. नाव बघून वहिनींना म्हटलं, बघा, आठवण काढायचाच अवकाश.

"हां सर... नाही सर, उठलेय केव्हाची... दोन हजार अकराची? एक्साइजची फाइल... ती जिन्याखालच्या कपाटात, वरून दुसरा कप्पा, निळी. नाही, हिरवी सेल्स टॅक्सची... हो. धाकट्या साहेबांनी स्कॅन केलीय सर, कॉम्प्युटरवर पण मिळेल... बरं, कागदच बघा... नाही सर, आज गुरुवार, तुम्ही आज का आलात?... बरं. बरं."

"सुट्टीच्या दिवशी?" वहिनींचे डोळे मोठे झाले.

"गुरुवारी तर हमखास. पोरं नसतात, मशीन बंद असतात. एकटेच फिरतात शॉपमध्ये."

दुसरी शिट्टी झाली. वहिनींनी ताट उचललं, पुन्हा भिंतीवर ठेवलं. इतकं सगळं ऐकल्यावर बाई आता काही गंभीर विचारणार असं मला वाटलं. पीएफचं, किंवा पोराच्या भवितव्याचं.

"ताई, ते सगळं ठीक आहे. पण स्थळं येतायत हो त्याला. परवा औंधचे लोक आले होते. मुलगी बँकेत. पहिलाच प्रश्न, कंपनी कुठली? चाकणचं नाव घेतलं की कसं, लगेच कळतं. ह्या भोसरीच्या कंपनीचं नाव सांगितलं तर म्हणाले, कुठली? पुन्हा सांगितलं. परत, कुठली? काय सांगायचं अशा वेळी?"

हा प्रश्न खरा होता. माझ्या भाच्याच्या लग्नाच्या वेळीही हाच आला होता. आणि ह्याला आमच्या ऑफिसात उत्तर ठरलेलं होतं, सगळी पोरं तेच सांगायची.

"असं नाव नाही सांगायचं. मोठ्या गाडी कंपन्यांना पार्ट पुरवतो, असं सांगायचं. आणि लगेच विचारायचं, तुमची गाडी कुठली? ते नाव सांगतील. मग म्हणायचं, हो का, त्यात आमची पिन असते."

"असते का पण खरंच?"

"बऱ्याच गाड्यांत असते. कुठेतरी आत."

वहिनींनी ते दोनदा पुटपुटून बघितलं, त्यात आमची पिन असते, आमची पिन असते. तिसरी शिट्टी झाली तशी ताट घेऊन आत पळाल्या. कढीपत्ता भिंतीवरच राहिला. मी तो उचलून फोडणीला घेतला, झाड आमचंच आहे.